शाळेचे रंग कोणी ठरवायचे?



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? नवी शाळा उघडायची, तिचे रंग कोणते आणि तिच्या संघाचं मॅस्कॉट कोणतं हे गावाला विचारून ठरवायचं. यात इतिहास कसला आणि तत्त्वज्ञान कसलं? पण मंडळी, या एवढ्याशा प्रश्नावरून अमेरिकेत एका राज्यात सार्वमत झालं, विधिमंडळात कायदा होऊन त्याच वर्षी रद्द झाला, एका शाळेच्या आवारात तर गोळ्या चालल्या. ज्या प्रश्नावर माणसं इतकी हातघाईला येतात तो प्रश्न दिसतो तेवढा लहान नसतो. म्हणून आज आपण त्याच्याकडे जरा निवांतपणे पाहू.

आधी ही पद्धत काय आहे ते सांगतो. अमेरिकेत सरकारी शाळा स्थानिक शालेय जिल्ह्याच्या असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांचं मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं. वस्ती वाढली, जुन्या हायस्कूलमध्ये मुलं मावेनाशी झाली की नवं हायस्कूल बांधतात. मग हद्दी पुन्हा आखल्या जातात. म्हणजे नव्या शाळेची मुलं आकाशातून पडत नाहीत, ती दोन-तीन जुन्या शाळांतून काढून आणलेली असतात. काल एकमेकांविरुद्ध खेळणारी मुलं उद्या एका बाकावर. शाळा उघडण्याच्या आधीच्या वर्षी मुख्याध्यापक नेमतात, एक समिती करतात, मुलांना आणि पालकांना नावं सुचवायला सांगतात, त्यातून चार-पाच निवडतात, पुन्हा मत घेतात, आणि शेवटी मंडळ शिक्कामोर्तब करतं. हे सगळं आधीच उरकावं लागतं, कारण व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर चित्र रंगवायचं असतं, बँडपथकाचे पोशाख शिवायला टाकायचे असतात, फुटबॉलची शिरस्त्राणं मागवायची असतात. शेजारच्या शाळेचे रंग घेऊन चालत नाही, कारण दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्याशीच सामना. मैदानावर कोण कुणाचा ते कळायला नको का?

आपल्याकडे मॅस्कॉटला 'शुभंकर' हा शब्द रुळला. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांतला 'अप्पू' हत्ती अनेकांना आठवत असेल. मूळ शब्दाची कुळकथा मात्र गमतीची आहे. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्साल बोलीत 'मास्को' म्हणजे चेटकीण. त्यावरून भाग्य आणणारी वस्तू ती 'मास्कॉट'. १८८० मध्ये एदमों ओद्राँ याची 'ला मास्कॉत' ही संगीतिका पॅरिसमध्ये रंगमंचावर आली, ती गाजली, आणि शब्द इंग्रजीत शिरला. म्हणजे आपल्याकडे ट्रकच्या मागे काळी बाहुली लटकते, तिच्या जातीचा हा शब्द. चेटकिणीपासून शुभंकरापर्यंतचा प्रवास शब्दानं बिनबोभाट केला.

आता रंगांकडे येऊ. शाळा-कॉलेजांचे रंग पहिल्यांदा कोणी निवडले? इतिहास पाहिला तर असं दिसतं की कोणी 'निवडले' नाहीत. ते गरजेतून आले. १८२९ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात पहिली नौकाशर्यत झाली. ऑक्सफर्डच्या नावेवर ख्राइस्ट चर्च या कॉलेजातले बरेच वल्हेकरी होते, त्यांचा गडद निळा रंग ऑक्सफर्डला चिकटला. १८३६ च्या दुसऱ्या शर्यतीत केंब्रिजच्या नावेला फिकट निळी फीत बांधली गेली आणि तो केंब्रिजचा झाला. हार्वर्डचंही तसंच. १८५८ च्या शर्यतीत काठावरच्या लोकांना आपली नाव ओळखू यावी म्हणून चार्ल्स एलियट आणि बेंजामिन क्राउनिनशील्ड या दोन वल्हेकऱ्यांनी सगळ्यांसाठी लाल रुमाल विकत आणले. पुढे याच एलियटनं हार्वर्डचं अध्यक्षपद चाळीस वर्षं सांभाळलं. मधल्या काळात 'मजेंटा' हाही रंग प्रचारात होता. १८७३ साली सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचं नावच 'मजेंटा' होतं. १८७५ मध्ये विद्यार्थ्यांनी किरमिजीच्या बाजूनं निकाल दिला, वृत्तपत्रानंही नाव बदलून 'क्रिमझन' केलं. आणि विद्यापीठानं या रंगाला अधिकृत मान्यता कधी दिली? १९१० मध्ये. रुमालापासून कागदापर्यंत यायला बावन्न वर्षं लागली.

इथे एक सूत्र हाती लागतं. चिन्ह आधी जगलं जातं आणि मग त्याची नोंद होते. नव्या शाळेची अडचण नेमकी हीच आहे. तिला नोंद आधी करायची असते, जगणं मागून यायचं असतं. तिच्यापाशी रुमाल नाही, नदी नाही, काठावर उभं राहून ओरडणारे लोक नाहीत. मग ती काय करते? दुसऱ्याकडून उसनं आणते, नाहीतर लोकांना विचारते.

उसनवारीचं उदाहरण मिसिसिपी विद्यापीठाचं. १८९३ साली तिथे फुटबॉलचा संघ उभा राहिला तेव्हा रंग घेतले हार्वर्डचा लाल आणि येलचा निळा. ज्या उत्तरेशी तीसच वर्षांपूर्वी यादवी युद्ध केलं, तिच्याच दोन विद्यापीठांचे रंग दक्षिणेनं अंगावर घेतले! पुढे १९३६ मध्ये संघाला नाव हवं म्हणून विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानं स्पर्धा घेतली, आलेल्या नावांतून काही निवडून क्रीडापत्रकारांकडे पाठवली आणि 'रेबल्स' हे नाव ठरलं. रेबल्स म्हणजे बंडखोर, अर्थात यादवी युद्धातले दक्षिणेचे, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेले. बघा, विचारणा झाली, स्पर्धा झाली, जाणकारांचं मत घेतलं. प्रक्रिया म्हणून बोट ठेवायला जागा नाही. फक्त विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी एकही नव्हता. पहिला आला १९६२ मध्ये, जेम्स मेरेडिथ, आणि त्याच्या प्रवेशाच्या वेळी दंगल होऊन दोन माणसं मेली.

तेव्हा आपला पहिला प्रश्न इथून निघतो : गावाला विचारलं म्हणजे कोणाला विचारलं?

फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरातली गोष्ट घ्या. तिथे १९५८ साली एस्काम्बिया हायस्कूल उघडलं. कोरी करकरीत शाळा. शाळांमधलं वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं देऊन चार वर्षं झाली होती. तरी या नव्या शाळेनं नाव घेतलं ते 'रेबल्स'. ते ठरवताना कुणाकुणाला विचारलं असेल ते असो. एक गोष्ट उघड आहे, कृष्णवर्णीय मुलांना विचारलेलं नव्हतं, कारण त्यांना तिथे प्रवेशच नव्हता. पुढे न्यायालयाच्या आदेशानं ती मुलं आत आली तेव्हा त्यांना शाळेचा गणवेश, शाळेचं गाणं, शाळेचा झेंडा सगळं तयार मिळालं, आणि त्या प्रत्येकावर त्यांच्या पणज्यांना विकणाऱ्यांची खूण होती. नावावरून अनेक वर्षं मारामाऱ्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये शाळेत दंगल होऊन काही विद्यार्थ्यांना गोळ्या लागल्या. आज त्या शाळेचं नाव 'गेटर्स' आहे, म्हणजे फ्लोरिडाच्या दलदलीतल्या सुसरी.

या इतिहासाची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या तेव्हा साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात अनेक गावांत कृष्णवर्णीयांचं हायस्कूल बंद केलं गेलं किंवा त्याची माध्यमिक शाळा करून टाकली. मुलं गोऱ्यांच्या इमारतीत पाठवली. जाताना त्या जुन्या शाळेचे रंग, तिचं नाव, तिचे जिंकलेले चषक, भिंतीवरच्या वर्गांच्या तसबिरी या सगळ्याचं काय झालं? बऱ्याच ठिकाणी ते कोठीघरात गेलं, नाहीतर कचऱ्यात. गरिबीतून पै-पैसा जमवून लोकांनी ती शाळा उभी केली होती. एकत्रीकरण न्यायाचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण न्याय देताना ज्यांना द्यायचा त्यांचाच ठेवा मोडीत काढला आणि त्यांना साधं विचारलंही नाही. जिथे जरा शहाणपण होतं तिथे दोन्ही शाळांची जुनी नावं बाजूला ठेवून, दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवून नवं नाव आणि नवे रंग ठरवले. तो काही जादूचा उपाय नव्हता. पण दोघांनीही काहीतरी सोडलं आणि दोघांनी मिळून काहीतरी केलं, एवढं तरी त्यात होतं. आम्हाला वाटतं, नव्या शाळेनं गावाला विचारण्याच्या प्रथेचा खरा अर्थ इथे दिसतो. रंगांची आवडनिवड हा त्यातला वरचा थर झाला. परक्यांचे सहाध्यायी कसे व्हायचे, हा खालचा प्रश्न.

आता दुसरा प्रश्न : विचारल्यावर जे उत्तर आलं त्याचं काय केलं?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचं उदाहरण फार बोलकं आहे. १९३० पासून त्यांचं चिन्ह होतं 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतला आदिवासी. १९७२ मध्ये पंचावन्न आदिवासी विद्यार्थ्यांच्या अर्जानंतर ते सोडलं. १९७५ मध्ये नव्या नावासाठी विद्यार्थ्यांचं मतदान झालं आणि सर्वांत जास्त मतं पडली 'रॉबर बॅरन्स' या नावाला. रॉबर बॅरन्स म्हणजे लुटारू सरदार. एकोणिसाव्या शतकातल्या बड्या धनाढ्यांना अमेरिकेत असं म्हणत, आणि विद्यापीठाचे संस्थापक लीलंड स्टॅनफर्ड हे रेल्वेचे धनाढ्य! मुलांनी संस्थापकालाच चिमटा काढला. प्रशासनानं ते नाव अर्थातच नाकारलं. शेवटी १९८१ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी जाहीर केलं की संघाचं नाव 'कार्डिनल', आणि तो पक्षी नव्हे, लाल रंगाची एक छटा. चिन्हावर एकमत होईना म्हणून नुसता रंगच नाव होऊन बसला.

ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल कम्युनिटी कॉलेजनं याहून मजा केली. १९७० मध्ये सुरू झालेलं हे नवं कॉलेज. प्रशासन खेळांवर फार पैसा घालतंय, शिकण्यासाठीच्या मदतीवर कमी, असं विद्यार्थ्यांचं म्हणणं. मग चिन्हाचं मतदान आलं तेव्हा मुलांनी निवडलं आर्टिचोक. ही एक काटेरी पाकळ्यांची भाजी. रंग निवडले गुलाबी आणि पांढरा. मैदानावर दांडगे गडी उतरणार आणि त्यांचं नाव भाजी! हे मत म्हणजे थट्टा नव्हती, ती तक्रार होती. खर्चाबद्दल तुम्ही आम्हाला विचारत नाही, भाजीबद्दल विचारता, तर घ्या भाजी. पण गंमत पुढेच आहे. ते नाव टिकलं. आज तिथले संघ अभिमानानं आर्टिचोक म्हणवतात.

आणि तिसरं कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांताक्रूझ संकुल. १९६५ मध्ये सुरू झालेलं. रेडवुडच्या रानात वसलेलं, आणि त्या रानात ओल्या पाचोळ्यावर पिवळी धम्मक गोगलगाय सापडते, पाठीवर शंख नसलेली, 'बनाना स्लग'. सुरुवातीच्या मुलांनी खेळातल्या चढाओढीची टिंगल म्हणून ती आपलंसं चिन्ह केली. १९८० मध्ये संकुल राष्ट्रीय क्रीडासंघटनेत सामील झालं तेव्हा अधिकृत नाव हवं होतं. कुलगुरूंनी खेळाडूंचं मत घेतलं आणि 'सी लायन' म्हणजे समुद्रसिंह ठरला. बास्केटबॉलच्या मैदानाच्या मधोमध तो रंगवलाही. पण मुलं ओरडायची ती गोगलगायीच्या नावानं. १९८६ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदानानं गोगलगाय निवडली. कुलगुरू म्हणाले, हा अधिकार फक्त खेळाडूंचा. बरं, मग खेळाडूंना पुन्हा विचारलं. त्यांनीही गोगलगायच सांगितली! कुलगुरूंनी मान तुकवली. हार्वर्डच्या रुमालाची आठवण होते का? जगलेलं चिन्ह कागदावरच्या चिन्हाला पुरून उरलं.

या तिन्ही गोष्टींत एक धडा आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असलं की लोकांना ते वासावरून कळतं. मग ते एकतर पाठ फिरवतात, नाहीतर तुमच्या हातात आर्टिचोक देतात.

आता सर्वांत गुंतागुंतीचं प्रकरण सांगतो, नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं. ही शाळा नव्हे, जुनं विद्यापीठ आहे, पण गावाला विचारण्याच्या सगळ्या वाटा आणि सगळे खड्डे इथे एकत्र सापडतात. त्यांच्या संघाचं नाव १९३० मध्ये 'सू' झालं, पुढे 'फायटिंग सू', लढवय्ये सू. सू हे त्या प्रदेशातल्या लाकोटा आणि डकोटा लोकांना इतरांनी दिलेलं नाव. सत्तर वर्षांनी नाव बदलावं असा आग्रह वाढला. तेव्हा राल्फ एंगलस्टॅड हे माजी खेळाडू दहा कोटी डॉलर्सहून अधिक खर्चून आइस हॉकीची रंगशाळा बांधून देत होते. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी अध्यक्षांना पत्र लिहिलं की नाव बदलाल तर बांधकाम थांबवतो. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या उच्च शिक्षण मंडळानं नाव कायम ठेवलं. रंगशाळेत ठिकठिकाणी, हजारोंच्या संख्येनं, ते चिन्ह कोरलं गेलं, जणू पुढच्यांना ते काढताच येऊ नये. इथे गावात कोणाचा आवाज मोठा, ते वेगळं सांगायला नको.

२००५ मध्ये राष्ट्रीय क्रीडासंघटनेनं अशा नावांवर निर्बंध आणले. विद्यापीठ न्यायालयात गेलं. २००७ मध्ये तडजोड झाली : तीन वर्षांत स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन्ही आदिवासी समूहांची संमती आणा. २००९ मध्ये स्पिरिट लेकमध्ये मतदान झालं, सुमारे दोन-तृतीयांश लोक म्हणाले, नाव राहू द्या. स्टँडिंग रॉकच्या परिषदेनं संमती दिली नाही. २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं नाव ठेवलंच पाहिजे असा कायदा केला आणि त्याच वर्षी मागे घेतला. जून २०१२ मध्ये राज्यभर सार्वमत झालं, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मतदार म्हणाले, नाव सोडून द्या.

थोडं थांबून विचार करा. दोन मतदानं, दोन्हींत दोन-तृतीयांश, आणि उत्तरं नेमकी उलटी. ज्यांचं नाव होतं त्यांच्यातल्या एका समूहानं ठेवा म्हटलं, दुसऱ्यानं नको म्हटलं, आणि ज्यांचं नाव नव्हतं त्या बहुसंख्यांनी सोडा म्हटलं. त्यातही अनेकांचं कारण आदिवासींचा मान हे नसून संघाला स्पर्धेत बसणारा फटका हे होतं. लोकमत म्हणतात ते यातलं कोणतं?

पुढे तीन वर्षं विद्यापीठ नावाशिवाय राहिलं. २०१५ मध्ये लोकांकडून नावं मागवली, हजाराहून अधिक आली. समितीनं पाच ठेवली. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, माजी विद्यार्थी, देणगीदार, हंगामी तिकीटधारक, सगळ्यांना मत. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळेनात, म्हणून पुढच्या फेऱ्या घ्याव्या लागल्या. शेवटी सुमारे ५७ टक्क्यांनी 'फायटिंग हॉक्स' म्हणजे लढवय्ये ससाणे जिंकले. अनेकांना मात्र वेगळंच हवं होतं : नावच नको, नुसतं 'नॉर्थ डकोटा' पुरे. तो पर्याय मतपत्रिकेवर आलाच नाही.

हा आपला तिसरा प्रश्न : काय विचारलं? प्रश्न कोण लिहितो, पर्याय कोण गाळतो, हे ज्याच्या हातात, निकालाची लगाम त्याच्या हातात.

इथे अठराव्या शतकातल्या कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताला बोलवायला हवं. त्यानं १७८५ मध्ये दाखवलं की प्रत्येक माणसाची पसंती सरळ असली तरी सगळ्यांची मिळून पसंती गोल फिरू शकते. आपण शाळेवरच बसवून पाहू. पालकांचे तीन सारखे गट. पहिल्याची पसंती गरुड, मग वाघ, मग घोडा. दुसऱ्याची वाघ, मग घोडा, मग गरुड. तिसऱ्याची घोडा, मग गरुड, मग वाघ. आता जोड्या लावा. गरुड की वाघ? पहिला आणि तिसरा गट म्हणतात गरुड. वाघ की घोडा? पहिला आणि दुसरा म्हणतात वाघ. मग गरुड घोड्याला सहज हरवेल ना? नाही! दुसरा आणि तिसरा गट म्हणतात घोडा. तीनपैकी दोन गटांचं बहुमत प्रत्येकाच्या बाजूनं आहे आणि प्रत्येकाच्या विरुद्धही. कोण जिंकणार ते लढती कोणत्या क्रमानं लावता त्यावर ठरतं. म्हणजे 'लोकांनी ठरवलं' असं म्हणताना लोकांच्या बरोबरीनं पद्धतीनंही ठरवलेलं असतं. यावरून मतदान निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. पद्धत आधी ठरवून उघड सांगावी, एवढाच त्याचा अर्थ. निकाल पाहून पद्धत बदलली की सगळं संपलं.

मग कोणाला विचारायचं, या पहिल्या प्रश्नाचं काय? तत्त्वज्ञानात याचं एक चांगलं उत्तर जॉन ड्यूई यांनी १९२७ च्या 'द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स' या ग्रंथात दिलं आहे. आमच्या शब्दांत त्याचा सारांश असा : एखाद्या कृतीचे परिणाम, ती करणाऱ्यांच्या पलीकडे ज्यांच्यापर्यंत पोचतात, ते सगळे मिळून 'जनता'. म्हणजे जनता आधीपासून बसलेली नसते, ती परिणामांमुळे तयार होते. आपल्याकडे म्हणतातच, ज्याचं जळतं त्याला कळतं. हेच ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे शिक्षक होते, १९१३ ते १९१६ च्या काळात. मतपेटीच्या आधी माणसांचं एकमेकांशी मोकळं दळणवळण हवं, नाहीतर लोकशाहीला पाया नाही, हा विचार बाबासाहेबांनी पुढे जातीच्या संदर्भात किती धारदार केला ते आपल्याला ठाऊक आहे.

ही कसोटी लावली की चित्र बदलतं. हंगामी तिकीटधारकाला परिणाम होतो, पण तो टीव्हीसमोर बसून होतो. ज्या मुलाच्या आजोबांचा मुखवटा घालून विरुद्ध संघाचे प्रेक्षक नाचतात, त्याला तो छातीत होतो. दोघांचं एकेक मत मोजून बरोबरी होत नाही. म्हणूनच मेन राज्यानं २०१९ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यानं २०२१ मध्ये सरकारी शाळांसाठी कायदेच केले. वॉशिंग्टनच्या कायद्यात जवळच्या आदिवासी समूहाशी विचारविनिमय करून त्यांच्या परवानगीनं नाव ठेवण्याची वाट मोकळी ठेवली आहे. काही गोष्टी बहुमताला विचारायच्या नसतातच, त्या ज्याच्या त्याला विचारायच्या असतात.

आपल्या देशातही एकदा असाच प्रश्न फार मोठ्या पटावर विचारला गेला. १९२१ च्या सुमारास गांधीजींनी जो ध्वज पुढे आणला त्यात पांढरा, हिरवा, लाल असे पट्टे होते आणि प्रत्येक रंग एकेका समाजाचा मानला गेला. रंग समाजाचा झाला की प्रत्येक समाज विचारणार, आमचा कुठे आहे? शिखांनी आपला रंग मागितला. एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसनं सात जणांची ध्वजसमिती नेमली : वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, आणि आपले काकासाहेब कालेलकर व डॉ. ना. सु. हर्डीकर. समितीनं प्रांतिक समित्यांकडे प्रश्नावली पाठवली, मतं गोळा केली, आणि शिफारस केली की ध्वज एकरंगी, केशरी असावा. म्हणजे वाटणीचा प्रश्नच नको. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीनं ती शिफारस स्वीकारली नाही. तिनं केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असा ध्वज ठरवला, पण त्याबरोबर एक फार महत्त्वाची गोष्ट जाहीर केली : या रंगांचा अर्थ समाजांशी जोडायचा नाही, गुणांशी जोडायचा. रंग जवळजवळ तेच राहिले, अर्थ बदलला. समितीचं उत्तर नाकारलं गेलं तरी तिनं गोळा केलेली मतं वाया गेली नाहीत. तक्रार कुठे आहे ते त्यातूनच कळलं होतं.

आणि अगदी अलीकडचं, आपल्या गावातलं. आपल्याकडे शाळेला मॅस्कॉट नसतं. क्रीडादिनाला लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार गट पाडले की संपलं. आपल्याकडे शाळेचा रंग म्हणजे गणवेश. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं कलमच आहे. सरकारी शाळांतल्या मोफत गणवेशाचा रंग आणि कापड ही समिती ठरवत असे. २०२३ मध्ये राज्यानं 'एक राज्य, एक गणवेश' जाहीर केलं. तोवर अनेक समित्यांनी कापड घेऊन टाकलं होतं, म्हणून त्या वर्षी तीन दिवस राज्याचा आणि तीन दिवस शाळेचा अशी तोड निघाली. पुढच्या वर्षी कापडखरेदी राज्यस्तरावर गेली. गणवेश उशिरा आले, मापात बसेनात, अशा तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. एकसारखेपणाची कल्पना मुळात वाईट नव्हती. गरीब-श्रीमंत शाळा कपड्यावरून ओळखू येऊ नयेत, यात समतेचा विचार आहेच. पण तिसरीतल्या मुलीच्या बाहीची लांबी तिच्या आईला माहीत असते, मंत्रालयाला नसते.

आता कुणी म्हणेल, समित्या तरी कुठे धड चालतात? सह्यांपुरत्या बैठका, मुख्याध्यापक म्हणतील तो रंग, ओळखीचा दुकानदार. खरं आहे. पण हा दोष विचारण्याचा नाही, न विचारता विचारल्यासारखं करण्याचा आहे. अमेरिकेतही पुष्कळ ठिकाणी हीच रड आहे.

तेव्हा जाता जाता तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्यापैकी जे पालक आहेत, आजी-आजोबा आहेत, त्यांनी पुढच्या वेळी शाळेत गणवेशाचा, नावाचा, बोधचिन्हाचा विषय निघाला की तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. ज्यांच्या अंगावर हे चढणार त्यांना विचारलं का, आणि जे अजून दारात आलेले नाहीत, वस्तीवरची, पाड्यावरची, उद्या येणारी मुलं, त्यांचा विचार कोणी केला का? पर्याय कोणी लिहिले आणि 'यातलं काहीच नको' म्हणायला जागा आहे का? आणि आमच्या उत्तराचं तुम्ही काय करणार, ते आधी सांगाल का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर 'फक्त मत घेतोय, निर्णय आम्ही करू' असं असलं तरी चालेल. ते प्रामाणिक आहे. मत द्यायचं की नाही हे मग माणूस ठरवू शकतो.

मुलांना मात्र नक्की विचारा. दहा वर्षांचं पोरसुद्धा आपल्या मागच्या बाकावरच्याला काय आवडत नाही हे तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं सांगतं. आणि आपलं आवडतं नाव हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच संघासाठी घसा कोरडा करून ओरडायचं, हा धडा शाळेत जितक्या लवकर मिळेल तितका बरा. मोठेपणी तो शिकवायला फार महाग पडतो.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.